ड्रॉपर सीटपोस्ट बसवायचाय? मोजमापापासून केबलपर्यंत सगळं सविस्तर

चढाला सीट उंच हवी आणि उताराला तीच सीट आडवी येते, एमटीबी (माउंटन बाईक) चालवणाऱ्या प्रत्येकाने हे अनुभवलंय. पुण्यात वेताळ टेकडीवर चढताना पाय जवळजवळ सरळ होईल एवढी सीट ठेवली की दम कमी लागतो, गुडघे दुखत नाहीत, पण वर पोचून मुरमाच्या घसरड्या पायवाटेने खाली निघालं की तीच सीट पोटात टोचते, कंबर मागे न्यायला जावं तर मांड्या अडकतात, आणि पुढचं चाक एखाद्या दगडाला थटलं की माणूस हँडलवरून पुढे जातो. पूर्वी इलाज एकच होता, थांबायचं, क्विक रिलीज (सीट आवळणारा हाताचा खटका) सोडायचा, सीट खाली करायची आणि खाली पोचलं की परत थांबून वर. ड्रॉपर सीटपोस्ट म्हणजे चालवता चालवता, न थांबता वरखाली करता येणारा सीटचा दांडा.

हा त्रास नवा नाही. अमेरिकेत जो ब्रीझ आणि जॉश एंजेल या दोघांनी १९८४ मध्ये हाईट-राईट नावाची एक साधी स्प्रिंग आणली होती, ती सीटपोस्ट आणि त्याला फ्रेममध्ये आवळणाऱ्या क्लॅम्पच्या मध्ये लावायची, क्विक रिलीज सोडून बसलं की सीट खाली आणि वजन उचललं की स्प्रिंग सीटला परत वर ढकलणार. हँडलवरच्या लिव्हरने चालणारे ड्रॉपर बरेच नंतर आले, २०१० मध्ये रॉकशॉक्स कंपनीने रिव्हर्ब नावाचा ड्रॉपर आणला आणि त्यानंतर बघता बघता चांगल्या ट्रेल बाईकवर ड्रॉपर कंपनीकडूनच बसून यायला लागला. मार्च २०२२ मध्ये स्लोव्हेनियाच्या मतेय मोहोरिचने मिलान-सान रेमो ही इटलीतली रस्त्यावरची रेस जिंकली ती पण पोज्जो टेकडीच्या उतारावर ड्रॉपर वापरून, म्हणजे ही गोष्ट आता नुसती डोंगरातली राहिलेली नाही.

टायर आणि ब्रेक धड असतील तर सायकलवर पुढचा पैसा कशावर घालायचा असं कोणी विचारलं की मी ड्रॉपरच सांगतो, हलकी चाकं नाही, महागडा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) नाही. वजन साध्या पोस्टपेक्षा दोन-तीनशे ग्रॅम वाढतं, वाढू दे. पण ड्रॉपर घेताना लोक घाई करतात आणि मोजमाप न करता मागवतात, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा मी मोजमापाला आणि केबलला देणार आहे, बाकीचं त्यामानाने सोपं आहे.

आत काय चालतं

दोन नळ्या, एकीच्या आत दुसरी. बाहेरची फ्रेममध्ये घट्ट बसते, आतली चकचकीत नळी म्हणजे स्टँशन, ती वरखाली होते आणि तिच्या डोक्यावर सीट असते. आतमध्ये गॅस आणि तेलाची एक कार्ट्रिज, म्हणजे बंद नळकांडं. लिव्हर दाबला की केबल ओढली जाते, पोस्टच्या बुडाशी असलेला ॲक्चुएटर कार्ट्रिजचा वॉल्व्ह उघडतो, आणि तेवढा वेळ पोस्ट मोकळा असतो. तुम्ही बसलेले असाल तर तुमच्या वजनाने खाली जातो, उठलेले असाल तर गॅसच्या दाबाने वर येतो, आणि लिव्हर सोडला की जिथे असेल तिथे थांबतो. लिव्हर दाबला की सीट आपोआप खाली जाईल असं नवीन लोकांना वाटतं, तसं नाही, खाली न्यायला वजन टाकावंच लागतं. आतली नळी गोल फिरू नये म्हणून मध्ये पितळेच्या छोट्या पिना असतात, त्यामुळे सीटचं टोक अगदी किंचित डावीउजवीकडे हलतं आणि ते नॉर्मल आहे, नव्या पोस्टला पण असतं.

मोजमाप

पहिली गोष्ट व्यास. जुना सीटपोस्ट बाहेर काढा, त्याच्यावर खालच्या बाजूला आकडा कोरलेला असतो, २७.२, ३०.९, ३१.६ किंवा ३४.९ मिमी. आकडा झिजला असेल तर व्हर्नियर कॅलिपरने मोजा, पट्टीने अजिबात नाही कारण ३०.९ आणि ३१.६ मधला फरक पट्टीवर कळत नाही. आपल्याकडच्या स्वस्त सायकलींमध्ये २५.४ किंवा २८.६ असे आकडे पण निघतात. फ्रेम मोठी आणि पोस्ट बारीक असेल तर शिम (मधली फट भरणारी पातळ नळी) मिळते, म्हणजे ३१.६ च्या फ्रेममध्ये ३०.९ चा पोस्ट शिम लावून चालतो, २८.६ मध्ये २७.२ चालतो, पण उलटं काहीच करता येत नाही, फ्रेम आतून घासून मोठी करून देतो असं कोणी म्हणालं तर सायकल उचला आणि घरी या.

दुसरं मोजमाप उंचीचं. चढाला जशी लागते तशी सीट लावा, टाच पेडलवर ठेवून पाय सरळ होतोय का बघा, आणि मग सीटखालच्या लोखंडी रेल्सच्या मध्यापासून फ्रेमची सीट ट्यूब (पोस्ट ज्या नळीत बसतो ती) जिथे संपते तिथपर्यंतचं अंतर घ्या. माझ्या सायकलवर ते २३० मिमी आहे, पुढचा हिशोब तेवढ्यावरच करून दाखवतो.

तिसरं मोजमाप लोक विसरतात आणि तिथेच फसतात. सीट ट्यूब आतून किती खोल सरळ आहे? फुल सस्पेन्शन (मागच्या चाकालाही शॉक असलेल्या) फ्रेममध्ये मध्येच पिव्होट, म्हणजे हलणारा सांधा येतो, काही फ्रेमची ट्यूब वाकलेली असते, काहींमध्ये बाटलीच्या स्टँडचे स्क्रू आत डोकावतात. जुना पोस्ट हलक्या हाताने जाईल तेवढा खाली सोडा, जिथे अडेल तिथे टेप लावून खूण करा, बाहेर काढून मोजा. जुना पोस्ट लांबीला कमी पडला तर त्याच जाडीची दुसरी सरळ नळी किंवा कोणाचा तरी लांब पोस्ट मागून आणा. काठी किंवा स्पोक घालून मोजू नका, बारीक वस्तू वाकड्या जागेतून पण पुढे सरकते आणि आकडा खोटा येतो. माझा आकडा आला २३५ मिमी.

आता पोस्टच्या माहितीपत्रकात तीन आकडे शोधा. ट्रॅव्हल (सीट एकूण किती वरखाली होते ते) किती, पूर्ण उघडल्यावर कॉलरच्या (बाहेरच्या नळीच्या डोक्यावरच्या कडीच्या) खालच्या कडेपासून रेल्सपर्यंत उंची किती, आणि रेल्सपासून बुडापर्यंत एकूण लांबी किती. ॲक्चुएटर या लांबीत धरलाय की नाही ते नीट वाचा, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. समजा एका पोस्टचा ट्रॅव्हल १८०, कॉलरपासून रेल्सची उंची २२०, एकूण लांबी ४५० आणि ॲक्चुएटर वेगळा २५. उंचीत बसतो का, तर हो, २२० हे २३० पेक्षा कमी आहे. खोलीत बसतो का? ४५० मधून २३० वजा, राहिले २२०, त्यात ॲक्चुएटरचे २५, झाले २४५. माझ्याकडे जागा २३५. नाही बसत. त्याच्याच खालचा १७० चा, उंची २१०, लांबी ४३०. ४३० वजा २३० म्हणजे २००, अधिक २५, झाले २२५, बसला, आणि केबल वळायला १० मिमी उरले. असा कागदावर हिशोब करूनच ऑर्डर द्या.

मी पहिला ड्रॉपर घेतला तेव्हा हा हिशोब केला नव्हता, दुकानात "बसेल की" म्हणाले आणि मी पण मान हलवली. पोस्ट आत जाऊन अडकला आणि सीट हवी त्यापेक्षा दोन सेंटिमीटर वर राहिली. उघडलेला पोस्ट परत घेत नाहीत. दोन सेंटिमीटर म्हणजे काय मोठं असं वाटेल, पण पाऊण तासाच्या चढात कंबर डावीउजवीकडे डुलायला लागते आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या मागे दुखतं.

ट्रॅव्हल किती घ्यावा यावर माझं उत्तर, बसेल तेवढा जास्तीत जास्त. १०० किंवा १२५ वाल्याने फरक पडतो पण तीव्र उताराला ती सीट अजून मांड्यांमध्ये येतच असते, १५० च्या पुढे खरी मोकळीक मिळते, उंच माणसाला १८० ते २१० पण बसतो. काही पोस्टमध्ये, उदाहरणार्थ वनअप किंवा पीएनडब्ल्यू या कंपन्यांच्या, ट्रॅव्हल १०-२० मिमीने कमी करायची सोय असते, आकडा अगदी काठावर येत असेल तर असा पोस्ट घेतलेला बरा.

अजून एक तपासणी, लहान फ्रेमच्या फुल सस्पेन्शनवाल्यांसाठी. सीट पूर्ण खाली आणि मागचा शॉक पूर्ण दबलेला अशा वेळी मागचं टायर सीटला घासू शकतं. शॉकमधली हवा सोडा, सीट खाली करा, सायकल दाबून बघा. घासत असेल तर ट्रॅव्हल कमी घ्या.

केबल कुठून जाणार

फ्रेममध्ये ड्रॉपरच्या केबलसाठी भोक आहे का बघा, सीट ट्यूबच्या खालच्या भागात किंवा डाउन ट्यूबवर (हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीवर) पुढच्या बाजूला. असेल तर केबल आतून न्या. नसेल तर बाहेरून केबल येणारा पोस्ट मिळतो, जुन्या हार्डटेलवाल्यांनी (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल) तोच घ्यावा, दिसायला जरा कमी पण बसवायला एकदम सोपा. त्यात पण केबल कॉलरपाशी जोडलेली असेल असा बघा, सीटच्या डोक्याशी जोडलेली असेल तर सीट खाली गेली की केबलचा फुगा बाहेर येतो आणि मांडीला किंवा टायरला लागतो. फ्रेमला ड्रिलने भोक पाडू नका.

वायरलेस पण आहेत, रॉकशॉक्सचा रिव्हर्ब एएक्सएस २०१९ मध्ये आला, पोस्टमध्ये चार्जिंगची बॅटरी आणि लिव्हरमध्ये बटण सेल. केबलची कटकट शून्य. पण किंमत बघता बहुतेकांना केबलवालाच घ्यावा लागेल, आणि केबलवाल्याचा मोठा फायदा म्हणजे गावाकडे कुठेही गिअरची केबल मिळते, तीच याला चालते.

लिव्हरचं बघू. पुढे एकच चेनरिंग (पेडलपाशी असलेलं दातेरी चक्र) असेल तर डावीकडे शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) नसतो, तिथे हँडलच्या खाली शिफ्टरसारखा आडवा लिव्हर लावा, अंगठ्याने दाबायला हाच उत्तम. पुढे दोन-तीन चेनरिंग असतील तर डावी जागा भरलेली असते, मग हँडलच्या वरून चालणारा छोटा उभा लिव्हर घ्यावा लागतो. चालतो, पण ग्रिप किंचित सोडावी लागते. माझा सल्ला, पुढची डिरेलर काढून एकच चेनरिंग करायचा विचार आधीपासून मनात असेल तर ते काम आधी उरका.

बसवायला घेऊ

सामान: एलन कीचा सेट, टॉर्क रेंच (किती जोराने आवळतोय ते मोजणारा पाना), धारदार केबल कटर, दाभण, ग्रीस, स्वच्छ फडकं, टेप. कार्बन फ्रेम असेल तर ग्रीसऐवजी कार्बनची खरखरीत पेस्ट. केबल कापायला घरातली पक्कड वापरू नका, आउटर (केबलचं बाहेरचं आवरण) चेपतो आणि आतली वाट बंद होते, मग लोक पोस्टला दोष देतात.

सीट ट्यूब आतून फडक्याने पुसा. वरच्या कडेला धारदार कंगोरे लागत असतील तर बारीक पॉलिश पेपरने मारा नाहीतर नव्या पोस्टवर पहिल्याच दिवशी ओरखडा. मग आउटर आत घाला. फ्रेममध्ये आधीपासून मार्गदर्शक नळी असेल तर दोन मिनिटांचं काम, नसेल तर अर्धा दिवस गृहीत धरा. मी करतो ती पद्धत अशी, एक जुना इनर (केबलची आतली तार) हँडलकडच्या भोकातून आत सरकवतो, सीट ट्यूबच्या तोंडातून टॉर्च मारून बघतो, टोक दिसलं की हुकाने बाहेर ओढतो आणि मग त्या इनरवरून आउटर सरकवत नेतो. इनर बॉटम ब्रॅकेटपाशी (पेडलचा आस बसतो तिथे) अडकत असेल तर दोरा आणि व्हॅक्यूम क्लीनर, एका तोंडातून पातळ दोरा सोडायचा, दुसऱ्या तोंडाला व्हॅक्यूम लावायचा, बाकीची भोकं बोटांनी बंद, दोरा सुर्रकन येतो. तरीही नाही जमलं तर बॉटम ब्रॅकेट काढावी लागते. केबलची वाट जेवढी मोठ्या गोलाईने जाईल तेवढा लिव्हर हलका, एखादं वळण काटकोनात बसलं तर कितीही महाग पोस्ट असला तरी अंगठा दुखणार.

आता तुमचा पोस्ट दोनपैकी कोणत्या जातीचा ते ओळखा. काहींमध्ये इनरचं डोकं, म्हणजे धातूची गाठ, खाली ॲक्चुएटरमध्ये बसते आणि लिव्हरपाशी स्क्रूने आवळायचं. ही जात सोपी. काहींमध्ये उलटं, डोकं लिव्हरमध्ये आणि खाली एक छोटा दंडगोल इनरवर आवळायचा, इथे आउटरच्या टोकापासून इनर किती मिमी बाहेर ठेवायचा ते माहितीपत्रकात दिलेलं असतं, आणि ते अगदी तंतोतंत ठेवावं लागतं. दोन-तीन मिमी चुकले की पोस्ट नीट चालत नाही आणि परत सगळं बाहेर काढा.

आउटर कापला की टोक सपाट घासा, आतली प्लॅस्टिकची वाट दाभणाने गोल करा, टोपी लावा. लांबी ठरवताना हँडल दोन्ही बाजूला पूर्ण वळवून बघा, ताण आला नाही पाहिजे. आधी जरा लांबच ठेवा, कापणं नंतर पण जमतं.

पोस्टला ॲक्चुएटरपाशी केबल जोडली की बाहेरच्या नळीला पातळ ग्रीस लावून पोस्ट आत सोडा, आणि सोडताना दुसऱ्या हाताने हँडलच्या बाजूने आउटर हळूहळू ओढत राहा. हे एकट्याने जमत नसेल तर कोणालातरी मदतीला घ्या. ओढलं नाही तर जादाचा आउटर आत गोळा होऊन पोस्टच्या बुडाशी दुमडतो, आणि पोस्ट खाली जात नाही म्हणून जोर लावला की ॲक्चुएटर मोडतो. पोस्टवर कमीत कमी एवढा आत हवा अशी रेघ असते, ती फ्रेमच्या आत गेलीच पाहिजे.

क्लॅम्प आवळताना हात आवरा. साधारण ५ न्यूटन मीटर पुरतात, तुमच्या फ्रेमवर किंवा पोस्टवर जो कमी आकडा लिहिलेला असेल तो पाळा. जास्त आवळला की बाहेरची नळी किंचित चेपते आणि आतली नळी अडकत वर येते. पोस्ट घसरतोय म्हणून अजून आवळायचं आणि मग तो हळू वर येतो म्हणून रडायचं असं होऊ नये, घसरत असेल तर ग्रीस पुसून पेस्ट लावा, कमी टॉर्कमध्ये जास्त पकड मिळते.

सीट बसवा, रेल्सचे बोल्ट माहितीपत्रकातल्या आकड्याला आवळा. सीट न लावता लिव्हर दाबून गंमत बघू नका, दाबलेला पोस्ट जोरात वर उसळतो, तोंड आणि बोटं लांब ठेवा. शेवटी लिव्हरची जागा. ब्रेकवर एक बोट ठेवून अंगठा जिथे आपोआप पोचतो तिथे लिव्हर हवा. लिव्हरचा क्लॅम्प हलकाच आवळा, पडल्यावर तो जागच्या जागी फिरला पाहिजे, मोडला नाही पाहिजे.

केबलचा ताण बॅरलने (केबलच्या टोकाशी असलेल्या, बोटांनी फिरवायच्या स्क्रूने) जुळवा. लिव्हर न दाबता किंचित ढिला लागला पाहिजे, एक-दोन मिमी. केबल जास्त ताणली तर वॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि बसल्या बसल्या सीट हळूच खाली जाते. ढिली राहिली तर लिव्हर पूर्ण दाबूनही पोस्ट हलत नाही. सीट खाली बसते म्हणून कार्ट्रिज गेली असं समजून दुकानात धावणाऱ्या लोकांनी आधी बॅरल दोन फेरे आत फिरवून, म्हणजे केबल ढिली करून बघावं.

ट्रेलवर

पहिले चार दिवस सपाट रस्त्यावर सवय करा. बसा, दाबा, खाली. सोडा. मग जरा उठा, दाबा, टक् असा आवाज आला की पूर्ण वर. ट्रेलवर उतार सुरू व्हायच्या आधी, म्हणजे अजून बसून पेडल मारताय तेव्हाच सीट खाली घ्या, दगडात शिरल्यावर बसायला वेळ मिळत नाही. सीट खाली गेली की पेडल आडव्या रेषेत, गुडघे आणि कोपरं मोकळी, कंबर खाली, आणि सायकलला पायांमध्ये डावीउजवीकडे झुकू द्या, ड्रॉपरचा सगळा फायदा या झुकण्यात आहे, वळणावर तर फारच. सीट खाली आहे म्हणून तिच्यावर बसून उतरू नका, आणि वजन सारखं मागेच टाकून पण नको, पुढच्या चाकावरची पकड जाते. वरखाली असलेल्या ट्रेलवर अर्धी उंची फार कामाची, सीट चार-पाच सेंटिमीटर खाली, पेडल पण मारता येतं आणि हलायला पण जागा.

पावसाळा आणि देखभाल

सह्याद्रीतला चिखल, कोकणातली जांभ्याची लाल माती, मागचं टायर हे सगळं थेट स्टँशनवर मारतं. सीटच्या रेल्सला अडकणारा छोटा मडगार्ड लावा, स्वस्त आणि परिणामकारक. राईडनंतर आधी पाण्याने माती वाहून जाऊ द्या, मग ओल्या मऊ फडक्याने स्टँशन पुसा, कोरड्या मातीवर फडकं घासू नका. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनचं तोंड कॉलरवर कधीच धरायचं नाही, सीलमधून पाणी आत जातं. पाऊस संपला की पोस्ट एकदा बाहेर काढून सीट ट्यूबमधलं साचलेलं पाणी काढून टाका.

वर्षातून एक-दोनदा कॉलर उघडा, बहुतेक पोस्टमध्ये ती हाताने किंवा पट्टीच्या पान्याने फिरते. जुनं काळं ग्रीस पुसा, पितळेच्या पिना आणि सीलवर सस्पेन्शनचं पातळ ग्रीस लावा, बंद करा. वीस मिनिटांचं काम. चेनचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे तिथे मारू नका. वर येण्याचा वेग कमी झाला असेल आणि पोस्टला हवेचा वॉल्व्ह असेल तर शॉक पंपाने कंपनीने दिलेल्या दाबापर्यंत हवा भरा, त्याच्या वर नाही.

बिघाड शोधताना आधी क्लॅम्प एक चतुर्थांश फेरा सैल करून बघा, मग पोस्टपासून केबल सुटी करून ॲक्चुएटर हाताने दाबून बघा. हाताने झटकन चालत असेल तर दोष केबलचा, नवा इनर टाका. हाताने दाबून पण रेंगाळत असेल तर ग्रीस किंवा हवा. केबल सैल करून पण बसल्यावर सीट स्प्रिंगसारखी दबत असेल तर तेलात हवा मिसळली किंवा कार्ट्रिज गेली, बऱ्याच पोस्टची कार्ट्रिज वेगळी मिळते, नवा पोस्ट घ्यायची गरज नाही, घेताना मात्र हीच चौकशी करा की कार्ट्रिज सुटी मिळते का. करकर आवाज येत असेल तर आधी सीटच्या रेल्सचे बोल्ट बघा, शंभरातल्या नव्वद वेळा आवाज तिथूनच येतो.

सीट खाली असताना सायकल सीट धरून उचलू नका किंवा सीटला अडकवून टांगू नका, त्याने पोस्ट आतून ओढला जातो आणि बऱ्याच पोस्टमध्ये हवा तेलात शिरते ती यामुळेच. गाडीवर किंवा घरी भिंतीला टांगताना सीट पूर्ण वर करून ठेवा, आणि दुरुस्तीच्या स्टँडवर धरायची वेळ आली तर पकड बाहेरच्या जाड नळीला द्या, चकचकीत स्टँशनला नाही.